लॉगबुकवर सही करण्याआधी : बडोद्यातल्या कारखानदारांना आणि विद्युत ठेकेदारांना खुले पत्र

प्रति,
मकरपुरा, गोरवा, पोर, वाघोडिया आणि सावली भागातले कारखानदार व त्यांचे मेंटेनन्स प्रमुख,
बडोदा शहरातले परवानाधारक विद्युत ठेकेदार,
आणि शिकाऊ उमेदवारी योजनेची अंमलबजावणी बघणारे अधिकारी,

यांस सप्रेम नमस्कार.

इलेक्ट्रिशियन ट्रेडची दोन वर्षं आयटीआयमध्ये काढून मुलगा तुमच्या दारात येतो आणि वर्षभर अप्रेंटिस म्हणून राहतो. वर्ष संपताना तुम्ही त्याच्या लॉगबुकवर सही करता. तो परीक्षेला बसतो, पास झाला की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारीचं प्रमाणपत्र त्याच्या हातात पडतं. मग तो वायरमनच्या परमिटसाठी अर्ज करतो आणि आमच्या शेजारी उभा राहून कामाला लागतो. आम्ही बडोद्यातले परमिटधारक वायरमन आणि सुपरवायझर, बहुतेक दांडिया बाजार, नवापुरा, वाडी, बाबाजीपुरा इथल्या मराठी घरांतले. हे पत्र तुमच्या त्या सहीबद्दल आहे.

लॉगबुकात लिहिलेलं असतं, ‘तीन फेज मोटारचं इन्सुलेशन तपासलं.’ त्याच मुलाच्या हातात मेगर (इन्सुलेशन मोजायचं उपकरण) दिला तर आधी टर्मिनलवरच्या पट्ट्या काढायच्या असतात, हे त्याच्या गावी नसतं. ‘अर्थिंगचं माप घेतलं’ असं लिहिलेलं असतं आणि अर्थ टेस्टरच्या खुंट्या कशाला असतात ते त्याला सांगता येत नाही. पानं वर्षभर कोरी राहतात, शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत, एकाच पेनाने भरली जातात आणि खाली सही होते. त्या सहीवर विश्वास ठेवून आम्ही त्याला पॅनलसमोर उभं करतो. म्हणून हा प्रश्न तुमच्या कारखान्याच्या कुंपणाच्या आत राहत नाही.

बडोद्यात हे घडावं याचं आम्हाला जास्त वाईट वाटतं. सयाजीराव महाराजांनी १८९० साली इथे कलाभवन काढलं आणि ते त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती सोपवलं, ते हाताने काम करणाऱ्याला शास्त्र कळावं म्हणून. आज ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर, केबल बनवणारे कारखाने इथे आहेत, वीज वहन आणि वितरण करणाऱ्या सरकारी कंपन्यांची मुख्य कार्यालयं इथे आहेत, विजेची उपकरणं तपासणारी मोठी प्रयोगशाळा मकरपुऱ्यात आहे. शिकायला याहून चांगलं गाव कुठलं?

कायद्याचं आधी थोडक्यात सांगून टाकतो, कारण ते तुम्हाला ठाऊक आहेच. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आणि त्याखालचे नियम असं सांगतात की ३० किंवा जास्त माणसं असतील तर कंत्राटी धरून एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक आहे. करार सरकारी पोर्टलवर नोंदवायचा. २०१९ च्या दुरुस्तीत आयटीआय प्रमाणपत्र असलेल्याला महिना किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरलं. शिकाऊ हा कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे, हे कलम १८ सांगतं. तुमच्यापैकी बरेच जण या कलमाचा आधार घेऊन त्याला कामगाराचे हक्क नाकारतात, पण मग त्याच कलमाचा दुसरा अर्थ का विसरता? प्रशिक्षणार्थी आहे म्हणजे त्याला शिकवायचं आहे. सुट्टीवर गेलेल्या हेल्परची जागा भरायला तो आलेला नाही.

आता तक्रारी. सगळ्यात मोठीपासून सुरू करतो.

चालू लाइनवर हात घालायला लावणं बंद करा. ‘हात कोरडे आहेत ना, मग काही होत नाही’ हे वाक्य मुलं पहिल्याच महिन्यात शिकतात आणि ते पूर्ण चूक आहे. घामाने किंवा पावसाने ओल्या शरीराचा विरोध साधारण १,००० ओहम धरला तर २३० व्होल्टवर २३० मिलिअँपिअर शरीरातून जातात. माणसासाठी आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) लावतो ती ३० मिलिअँपिअरची, कारण त्याच्या पुढे हृदयाचे ठोके बिघडायचा धोका सुरू होतो. आणि ज्या एमसीबीवर, म्हणजे लोड जास्त झाला की पडणाऱ्या स्विचवर, मुलं भरवसा ठेवतात, ती अगदी लहान, ६ अँपिअरची असली तरी २३० मिलिअँपिअर तिच्या खिजगणतीत नसतात. माणूस चिकटलेला राहील आणि एमसीबी शांत बसेल. एवढं गणित पहिल्या दिवशी फळ्यावर मांडायला पाच मिनिटं लागतात.

लाइन बंद करणं म्हणजे नुसतं स्विच खाली पाडणं नव्हे. ते एक वेगळं काम आहे आणि शिकाऊने वर्षभरात ते इतक्या वेळा करायला हवं की न विचारता हात त्याच क्रमाने चालावा. आधी ड्रॉइंग बघून शोधायचं की या पॅनलला वीज कुठून कुठून येते. मेन फीडरखेरीज जनरेटर, इन्व्हर्टर, छतावरचं सोलर आणि शेजारच्या पॅनलमधून आलेली कंट्रोल सप्लाय, या चारांपैकी एक तरी विसरली जाते. मेन बंद केलं तरी कॉन्टॅक्टरच्या (कॉइलने ओढला जाणाऱ्या स्विचच्या) कॉइलला २३० व्होल्ट जिवंत असतात ते याचमुळे. मग आयसोलेटर (लाइन तोडणारा स्विच) उघडायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, टॅगवर नाव, तारीख आणि वेळ लिहायची. चार माणसं काम करत असतील तर चार कुलुपं. सुपरवायझरने सगळ्यांसाठी एकच कुलूप लावणं चालणार नाही, कारण जेवणाच्या सुट्टीत कोण आत राहिलंय हे त्याला दिसत नसतं.

त्यानंतर तपासणी. टेस्ट लँप किंवा दोन टोकांचा टेस्टर आधी चालू असलेल्या जागी लावून तो चालतोय याची खात्री करायची. मग तीन फेज चार वायरच्या पॅनलवर दहा मापं: तीन फेज एकमेकांत, तीन फेज न्यूट्रलला, तीन फेज अर्थिंगला आणि न्यूट्रल ते अर्थिंग. मग टेस्टर पुन्हा चालू जागी लावून बघायचा. मधेच त्याची वायर तुटली असेल तर दहाही मापं शून्य येतात आणि माणूस निर्धास्त होऊन हात घालतो. हा शेवटचा टप्पा बहुतेक जण गाळतात, जुनेजाणतेसुद्धा.

खिशातला निऑन टेस्टर या कामाला चालत नाही, हे तुम्ही मुलांना सांगत नाही. तो तुमच्या शरीरातून जाणाऱ्या अगदी बारीक करंटवर पेटतो. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलं तर तो मिणमिणतो किंवा पेटतच नाही, उन्हात दिसत नाही, आणि लांब केबलमध्ये शेजारच्या वायरमुळे चढलेल्या खोट्या व्होल्टेजवरही पेटतो. सॉकेटचा न्यूट्रल तुटला असेल आणि काही उपकरण जोडलेलं असेल तर दोन्ही भोकांत तो पेटतो. शिकलेला माणूस ओळखतो की न्यूट्रल गेला. न शिकलेला म्हणतो ‘दोन फेज आलेत’ आणि फेज बदलायला बसतो. मल्टिमीटरचंही तसंच. करंट मोजून झाल्यावर लाल पिन दहा अँपिअरच्या भोकातच राहिली आणि तोच मीटर पुढे ४१५ व्होल्टवर लावला तर तो सरळ शॉर्टसर्किट आहे. मीटर हातात फुटतो. पॅनलवरच्या कामाला किमान कॅट थ्री (मीटरचा सुरक्षेचा दर्जा), ६०० व्होल्टचा मीटर लागतो, बाजारातला दोनशे रुपयांचा पिवळा मीटर नाही.

पॉवर फॅक्टर पॅनलमधले कपॅसिटर आणि मोटारचा वेग बदलणारे ड्राइव्ह हा तर वेगळाच धडा आहे. वीज बंद केली तरी ते भरलेले असतात. ४१५ व्होल्टवरच्या ड्राइव्हमध्ये आतल्या डीसी बसवर ५८५ व्होल्टच्या आसपास दाब असतो. ड्राइव्हच्या पाटीवर जेवढी मिनिटं लिहिलीत तेवढी थांबायचं, मग डीसीच्या दोन टोकांमध्ये मोजायचं आणि मगच हात लावायचा. कपॅसिटरला किमान पाच मिनिटं द्यायची, मोजायचं, मग अर्थिंगला जोडलेल्या इन्सुलेटेड दांडीने तिन्ही टोकं शॉर्ट करायची. आतला डिस्चार्ज रेझिस्टर जळालेला असू शकतो, म्हणून नुसतं थांबणं पुरेसं नाही.

दुसरी तक्रार: मोजण्याची उपकरणं कपाटात बंद असतात. मेगर महाग आहे, पोरं बिघडवतील, अशी भीती असते. मग ती शिकणार कशावर? ४१५ व्होल्टच्या मोटारसाठी ५०० व्होल्टचा मेगर लागतो. मोटारकडे जाणारी केबल सोडायची, टर्मिनल बॉक्समधल्या स्टार किंवा डेल्टाच्या पट्ट्या काढायच्या, प्रत्येक वाइंडिंग बॉडीशी आणि मग तिन्ही वाइंडिंग एकमेकांशी मोजायचं, दर वेळी एक मिनिट. एक मेगोहमच्या खाली आलं तर मोटार चालवायची नाही. पावसाळ्यात बंद पडून राहिलेली मोटार बहुधा ओली असते; ती वाळवून पुन्हा मोजायची. माप घेतल्यावर वाइंडिंग डिस्चार्ज करायची. तापमान दहा अंशांनी वाढलं तर इन्सुलेशनचं माप साधारण निम्मं होतं, म्हणून चालून गरम झालेल्या मोटारचं आणि सकाळच्या थंड मोटारचं माप एका रांगेत लिहून तुलना करायची नाही. आणि ड्राइव्ह जोडलेला ठेवून मेगर फिरवला तर ड्राइव्ह जातो. तुमच्या भीतीतला महागडा बिघाड हाच आहे आणि तो न शिकवल्यामुळेच होतो.

अर्थिंगची कथा याहून वाईट. खड्ड्यात कोळसा-मीठ घातलं, वर पाणी ओतलं, पाटी रंगवली की अर्थिंग झालं असं मुलांना वाटतं. तीन खुंट्यांचा टेस्टर लावून, मधली खुंटी अंतराच्या साधारण ६२ टक्क्यांवर ठेवून, ती थोडी मागे-पुढे सरकवून माप बदलत नाही ना, हे बघणं त्यांनी केलेलं नसतं. वर्षातून एकदा, तेही ऑगस्टमध्ये ओल्या जमिनीत घेतलेलं माप रजिस्टरला लागतं. खरं माप मे महिन्याचं, जमीन कोरडी असतानाचं. आणि माप चांगलं आलं म्हणून काय होतं, हेही समजावलं जात नाही. अर्थिंगचा विरोध पाच ओहम असेल तर २३० व्होल्टवर ४६ अँपिअर जातील. मेन ६३ अँपिअरचा असेल तर तो पडणारच नाही आणि मशीनची बॉडी जिवंत राहील. त्यासाठी लीकेजवर पडणारं संरक्षण लागतं. हे एक उदाहरण समजलेला मुलगा पुढे कधी आरसीसीबी काढून टाकणार नाही.

कारण आरसीसीबी काढून टाकणं हा आता घरांच्या कामांत रोजचा उपाय झाला आहे, आणि इथे आम्ही ठेकेदारांशी बोलतो. आरसीसीबी सारखी पडते याचं एक ठरलेलं कारण म्हणजे उसना न्यूट्रल. हॉलच्या दिव्याला फेज एका सर्किटचा आणि न्यूट्रल दुसऱ्याचा. जाणारा करंट आणि परतणारा करंट एका आरसीसीबीतून जुळत नाही, ती पडते. दोष शोधायचा तर सगळ्या एमसीबी खाली, न्यूट्रल लिंकवरून एकेक वायर सोडून मोजायची. त्याला दोन तास लागतात. आरसीसीबीच्या जागी साधा आयसोलेटर लावायला दहा मिनिटं लागतात, आणि शिकाऊ मुलगा समोर उभा राहून ते दहा मिनिटांचं काम शिकतो. घरमालकाला कळतही नाही की त्याच्या बाथरूममधल्या गीझरवरचं संरक्षण गेलं.

तिसरी गोष्ट, स्टार्टर. दहा एचपीच्या मोटारचा पूर्ण करंट साधारण साडेचौदा अँपिअर. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (मोटार आधी स्टार, मग डेल्टा जोडणीत चालवणारा) ओव्हरलोड रिले, म्हणजे जास्त लोडवर मोटार बंद करणारा भाग, फेज वाइंडिंगच्या मार्गात असेल तर तो पूर्ण करंटच्या ०.५८ पटीवर, म्हणजे साडेआठच्या आसपास लावायचा. शिकाऊला हे कोणी सांगत नाही. तो नेमप्लेट वाचतो, साडेचौदावर काटा ठेवतो, आणि मोटार जास्त लोडवर आरामात जळते. मग पुन्हा वाइंडिंग, तीन दिवस मशीन बंद. स्टार आणि डेल्टाचे कॉन्टॅक्टर एकाच वेळी ओढले गेले तर तिन्ही फेज शॉर्ट होतात, म्हणून त्यांच्यात इंटरलॉक असतो. तो ‘त्रास देतो’ म्हणून बायपास केलेली पॅनलं आम्ही उघडतो. शिकाऊने वर्षभरात एक तरी स्टार-डेल्टा पॅनल कोऱ्या प्लेटपासून स्वतः वायर करावं: तीन कॉन्टॅक्टर, टायमर, ओव्हरलोड, फेरूलवर नंबर, कंट्रोल सर्किट वेगळ्या रंगात. जुनी काढलेली कॉन्टॅक्टर वापरा, आमची हरकत नाही.

जॉइंट आणि लग (केबलच्या टोकाला चेपून बसवायचं धातूचं टोक) यांच्याकडे तर कोणी बघतच नाही. ३० अँपिअर वाहणाऱ्या ढिल्या जॉइंटचा विरोध फक्त ०.१ ओहम असला तरी तिथे ९० वॉट उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्न याहून कमी वॉटचं असतं. बोटाएवढ्या लगवर दिवसभर तेवढी आग. लग पक्कडीने चेपणं किंवा हातोडीने ठोकणं म्हणजे हेच घडवणं. लगच्या मापाचाच डाय, क्रिंपिंग झाल्यावर ओढून बघणं, अ‍ॅल्युमिनियमच्या केबलला घासून लगेच जॉइंटिंग कंपाउंड, तांब्याच्या बसबारवर अ‍ॅल्युमिनियम येत असेल तर बायमेटल लग, बोल्ट टॉर्क पान्याने. सोलताना तारेवर सुरीची खाच पडली तर तो तुकडा कापून पुन्हा सोलायचा. आणि सगळ्यांत धोक्याचा ढिला जॉइंट न्यूट्रलचा. तीन फेजच्या जागी मुख्य न्यूट्रल सुटला की कमी लोडच्या फेजवरचं व्होल्टेज २३० वरून तीनशेच्या पुढे जाऊ शकतं आणि एका झटक्यात टीव्ही, फ्रिज, चार्जर, सगळं जातं.

मुलांना केबल ओढायला लावता, त्याबद्दल तक्रार नाही. ते कामच आहे आणि अंगमेहनतीला कमी लेखणारे आम्ही नाही. पण ओढताना हेही सांगा की आर्मर्ड (तारांचं कवच असलेली) एलटी, म्हणजे कमी दाबाची, केबल बाहेरच्या व्यासाच्या बारा पटीपेक्षा कमी त्रिज्येत वाकवायची नाही; ४० मिलिमीटरच्या केबलला ४८० मिलिमीटर. ड्रम बाणाच्या दिशेनेच फिरवायचा. ग्लँड (केबल पॅनलमध्ये शिरते तिथली पकड) बसवताना आर्मरची एकेक तार कोनखाली नीट पसरायची, कारण अर्थिंगचा रस्ता तिथूनच जातो. हे सांगितलं तर मजुरीचा तोच दिवस शिक्षणाचा होतो. महिनोन्‌महिने फक्त भिंतीत झिरी मारणं, माल उतरवणं आणि चहा आणणं याला मात्र काहीही म्हणा, इलेक्ट्रिशियनचं प्रशिक्षण म्हणू नका.

सुरक्षेच्या सामानात काटकसर दिसते ती कळत नाही. क्लास झिरोचे रबरी हातमोजे १,००० व्होल्ट एसीपर्यंत चालतात. घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळून हवा कोंडायची आणि कुठून सुटतेय का ते गालाजवळ धरून बघायचं. सुईएवढं भोक असलं तरी तो हातमोजा कापून फेकायचा, म्हणजे दुसरा कोणी उचलणार नाही. वर चामड्याचा हातमोजा. आता मुलीही या ट्रेडला येतात, त्यांना मोठ्या मापाचे हातमोजे दिले की बोटांची टोकं रिकामी लोंबतात आणि स्क्रू धरता येत नाही. मापाचे आणा. अ‍ॅल्युमिनियमची शिडी विजेच्या कामाला नकोच.

पुराबद्दल वेगळं लिहावं लागतंय. २०१९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तळघरातली मीटर आणि पॅनलं बुडाली. पाणी ओसरलं की सगळ्यांना वीज लगेच हवी असते आणि स्वस्तात मिळणारा हात शिकाऊचा असतो. बुडालेली एमसीबी, आरसीसीबी, कॉन्टॅक्टर वाळवून वापरायचे नसतात. आत गाळ बसतो, स्प्रिंग गंजते, गरजेच्या वेळी ती पडत नाही. ती बदलायची. केबलची टोकं कापून, वाळवून, मेगरने मोजायची आणि एकेक सर्किट करून वीज द्यायची. हे काम परमिटधारकाचं आहे. गणपती-नवरात्रातलं मांडवाचं वायरिंगही तसंच: दरवर्षी तीच जोडलेली केबल, टेपवर टेप, लोखंडी खांबाला वायरने बांधलेली, आणि खाली ओली जमीन. कारखान्याची पाळी संपल्यावर शिकाऊ मुलाला तिथे पाठवू नका. सरकारी अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या परवानगीशिवाय त्याला ओव्हरटाइम लावता येत नाही, आणि अपघात झाला तर कलम १६ प्रमाणे भरपाईची जबाबदारी मालकाची.

एक गोष्ट भाषेची. सुरक्षेच्या सूचना इंग्रजीत भिंतीवर लावलेल्या असतात. मुलगा गुजराती, हिंदी किंवा आमच्याकडचा असेल तर मराठी वाचतो. तरसाली आणि गोरव्याच्या आयटीआयमध्ये शिकून आलेल्या मुलाला आकडे आणि चिन्हं येतात, ‘आयसोलेट’ म्हणजे नेमकं काय करायचं ते त्याच्या भाषेत सांगायला एक कागद लागतो. शॉक लागलेल्या माणसाला मातीत पुरायचं असं अजून सांगितलं जातं, म्हणून तोही कागद हवा: आधी वीज बंद, ती करता येत नसेल तर कोरड्या लाकडाने बाजूला करणं, श्वास नसेल तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच सेंटिमीटर खोल, ३० दाबांनंतर २ श्वास, आणि १०८ ला फोन. माती, पाणी, मालिश काही नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

पहिल्या पंधरा दिवसांत शिकाऊला कुठल्याही चालू पॅनलपाशी पाठवू नये. या पंधरा दिवसांत लाइन बंद करण्याचा, कुलूप-टॅगचा आणि दहा मापांचा क्रम त्याच्याकडून रोज करून घ्यावा. त्यानंतरही वर्षभर तो एकटा नसावा. परमिटधारक माणूस त्याच्या हाताच्या अंतरावर असावा. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत विजेच्या कामाला परवानाधारक ठेकेदार, प्रमाणपत्रधारक सुपरवायझर आणि परमिटधारक वायरमन लागतो. शिकाऊ यांपैकी कुणीही नाही.

प्रत्येकाला स्वतःचं कुलूप, टॅग, टेस्ट लँप, इन्सुलेटेड पक्कड, डिसमिसचा संच, वायर स्ट्रिपर, मापाचे हातमोजे आणि धातू नसलेले बूट पहिल्या दिवशी द्यावेत. मेगर, अर्थ टेस्टर आणि क्लँप मीटर आठवड्यातून एक दिवस त्यांच्यासाठी कपाटाबाहेर असावेत.

लॉगबुक आठवड्याला भरलं जावं आणि त्यात वाक्यांऐवजी मापं असावीत. ‘मोटारचं इन्सुलेशन तपासलं’ असं नको. मोटारचा नंबर, एचपी, तिन्ही वाइंडिंगची मापं, तापमान, तारीख. अशी खोटी मापं बसून बनवणं कठीण असतं, जुना माणूस ती एका नजरेत ओळखतो.

विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत खात्यात जमा व्हावं आणि हजेरीखेरीज दुसऱ्या कशासाठी, म्हणजे फुटलेला मीटर किंवा हरवलेली पक्कड, त्यातून कपात होऊ नये.

अधिकाऱ्यांना विनंती वेगळी आहे. तपासणीला आलात की करार आणि हजेरीचा कागद बघून जाऊ नका. एका शिकाऊला बोलवा, मेगर द्या, समोरची बंद मोटार मोजायला सांगा. दहा मिनिटांत कळेल. जिथे तीन मुलांपैकी एकालाही येत नाही, तिथे पुढच्या बॅचचे करार करण्याआधी प्रशिक्षणाची योजना लेखी मागा. आणि आईवडिलांना सांगणं एवढंच की करार पोर्टलवर नोंदला आहे का आणि त्यावर ट्रेड इलेक्ट्रिशियनच लिहिलाय का, हे पहिल्या आठवड्यात बघून घ्या. नोंद नसेल तर वर्ष वाया जातं, परीक्षेला बसता येत नाही.

तुमच्याकडे शिकवायला माणूस नाही, असं उत्तर येईल हे आम्हाला माहीत आहे. लहान कारखान्यात एकच इलेक्ट्रिशियन असतो आणि तोच दिवसभर बिघाडामागे धावत असतो, ही अडचण खरी आहे. म्हणून आमच्यातले काही जण रविवारी सकाळी दोन तास यायला तयार आहेत, पैसे न घेता, आमचे मेगर आणि टेस्टर घेऊन. तुमच्या बाजूने एक जोडणी तोडलेलं पॅनल, एक जुनी मोटार, कारखान्याच्या मोकळ्या जागेत तीन खुंट्या ठोकायची परवानगी आणि त्या दिवशीची मुलांची हजेरी, एवढं लागेल. मकरपुऱ्यात किंवा गोरव्यात, जिथे म्हणाल तिथे.

आपले,
बडोद्यातले काही परमिटधारक वायरमन आणि सुपरवायझर